उकिरड्याची दैना कधी फिटते? म्हणींमधला केर, शेण आणि राख

कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं. मोठा पाऊस आला आणि शेणाचं घर वाहून गेलं. पुढचं सांगायची गरज नाही. भिजलेला कावळा दार वाजवत राहतो आणि चिऊताई आतून सांगत राहते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. (मेणाच्या घराचं उन्हाळ्यात काय होतं, हे कुणीच विचारत नाही.)

ही गोष्ट ऐकणारी कितीतरी पोरं ज्या जमिनीवर मांडी घालून बसायची, ती शेणानंच सारवलेली असायची. गोष्ट सांगणाऱ्या आजीनं ती सकाळी स्वतःच्या हातानं सारवलेली असायची. गोष्टीत शेण म्हणजे कुचकामी, घरात शेण म्हणजे स्वच्छता, आणि आजीला यात कसलाही विरोध दिसत नसे.

ओला कचरा, सुका कचरा हा विषय आता प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघतो आणि दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, "आपल्या लोकांना घाणीचं काही वाटतच नाही." दुसरं, "आपली संस्कृतीच मुळात स्वच्छतेची." दोन्ही बाजूंना हवी ती म्हण मिळते. म्हणून त्या म्हणी घाणीबद्दल नेमकं काय म्हणतात, हे एकदा उलगडून पाहू.

आधी शब्दांचा केर काढू

मराठीत टाकाऊ गोष्टीला एकच शब्द नाही. झाडून निघतो तो केर. नको म्हणून टाकतो तो कचरा. अंगावर, कपड्यावर बसतो तो मळ. जेवून उरतं ते खरकटं. हे सगळं साठवतात तो उकिरडा. आणि 'घाण' हा शब्द मुळात नाकाचा आहे. संस्कृत 'घ्राण' म्हणजे वास घेणं, त्यावरून तो आला. आजही आपण "घाण येते" म्हणतो, तेव्हा दिसण्याबद्दल नाही, वासाबद्दल बोलत असतो.

या सगळ्यांहून वेगळा आणखी एक शब्द आहे, विटाळ. तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. तो फक्त मानलेला असतो. लेखाच्या शेवटाकडे त्याच्याशी गाठ पडेल, तेव्हा केर आणि विटाळ यांत गल्लत करायची नाही एवढं लक्षात असू द्या.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनांवर एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा असा की घाण हा वस्तूचा गुण नसतोच, वस्तू चुकीच्या जागी असते म्हणून ती घाण ठरते. डोक्यावरचा केस आपण तेल लावून विंचरतो. तोच केस भातात निघाला की ताट सरकवतो. केस तोच, जागा बदलली. मराठी म्हणींना हे बहुतेक आधीच ठाऊक होतं, आणि त्यांनी जागेच्या जोडीला आणखी एक गोष्ट धरली होती, ती म्हणजे वेळ.

बारा वर्षांचा हिशेब

"उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते." कुठे दैना म्हणतात, कुठे पांग. हिंदीतही हीच म्हण आहे: 'बारह बरस में घूरे के दिन भी फिरते हैं.' आपण ती नशिबाची म्हण म्हणून वापरतो. कुणा दरिद्री माणसाचे दिवस पालटले की म्हणायची. पण नशिबाची गोष्ट सांगायला उकिरडाच का निवडला? दगडाची दैना का नाही फिटत?

कारण ज्यांनी ही म्हण वापरात आणली, त्यांनी उकिरड्याचे दिवस खरोखरच पालटताना पाहिले होते. गोठ्यातलं शेण, जनावरांनी न खाल्लेला कडबा, चुलीतली राख, घरातला केर, भाजीची देठं हे सगळं रोज उकिरड्यात पडायचं. वरून बघाल तर कोंबड्या उकरतायत, गाढवं हुंगतायत, माश्या घोंघावतायत. आत मात्र वेगळंच काम चाललेलं असतं. सूक्ष्मजीव हा माल खातात आणि खाताना उष्णता सोडतात. ओल आणि हवा बेताची असेल तर ढिगाचा गाभा ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्या तापात तणांचं बरंचसं बी आणि रोगाचे पुष्कळसे जंतू मरतात. थंडीतल्या पहाटे उकिरडा उकरला तर वाफ निघते, ती याचीच.

नीट कुजलं की त्याला ना पहिला रंग उरतो, ना पहिला वास. काळसर, भुसभुशीत, मुठीत धरलं तर मातीसारखा वास येणारं खत होतं. त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, बारा वर्षं नाही लागत. म्हणीतला बाराचा आकडा मोजून ठेवलेला नाही. 'दीर्घकाळ' सांगायची ती पद्धत आहे, जशी बारा वर्षांची तपश्चर्या. उन्हाळ्यात तेच खत बैलगाडीत भरून शेतात जायचं. काल ज्याच्याकडे नाक मुरडलं, त्याच्यावर आता खरिपाची भिस्त. दैना फिटली म्हणायची ती अशी.

याचं रीतसर शास्त्रही आपल्या शेजारीच लिहिलं गेलं. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीतज्ज्ञानं १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात राहून, इथल्या शेतकऱ्यांच्या पद्धती बघून ढीग लावण्याची पद्धत बसवली. सेंद्रिय शेतीच्या जगात तिला आजही 'इंदूर पद्धत' म्हणतात.

उकिरड्याची दुसरी बाजूही भाषेनं जपली आहे. रिकामटेकडा माणूस "उकिरडे फुंकत हिंडतो". म्हणजे उकिरडा मालकाच्या घरामागे असला तर धन, आणि तुम्ही दुसऱ्यांच्या उकिरड्यांवर भटकत असाल तर नामुष्की. परत जागेचाच प्रश्न.

एकच वस्तू, दोन तोंडं

शेण घ्या. लाजिरवाणं काही केलं की माणसानं "शेण खाल्लं". छी-थू करायची झाली की लोक "तोंडात शेण घालतात". आणि पहाटे उठून अंगणात सडा घालायचा तोही शेणाचाच. तोंडात गेलं की अपमान, अंगणात पडलं की मांगल्य. वाळवून थापलं की गोवरी, म्हणजे सरपण. "गोवऱ्या मसणात गेल्या" म्हणजे माणूस पिकलं पान झालं, कारण शेवटची आगही तीच.

मातीचंही तसंच. सगळं "मातीमोल" होतं, धंद्यात माणूस "माती खातो", आणि त्याच मातीला शेतकरी "काळी आई" म्हणतो.

राखेचं उदाहरण मला जास्त आवडतं. सर्वनाशाला मराठीत शब्द आहे 'राखरांगोळी'. विनाशाची राख आणि सणाची रांगोळी या दोन गोष्टी कुणी एका शब्दात कशा बसवल्या असतील? दोन्ही पूड. दोन्ही भुईवर. एक वाऱ्यानं उडते, दुसरी बोटांतून सुटते. देवळातून आणली की तीच राख अंगारा होते आणि कपाळाला लागते. मोरीत तीच नारळाच्या शेंडीला लावून भांडी घासायची. तिथे श्रद्धेचा प्रश्न नाही, रसायनाचा आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, पाण्यात ते अल्कधर्मी होतं आणि तेलकटपणा सोडवतं. म्हणजे जळून उरलेला कचराच दुसरा मळ काढायचा.

केरसुणीच्या दोन बहिणी

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात. तिला पाय लावायचा नाही. लागला तर नमस्कार करायचा. का? तीच लक्ष्मी.

पण लक्ष्मीला एक थोरली बहीण आहे, ज्येष्ठा किंवा अलक्ष्मी. गधड्यावर बसणारी, कावळ्याचा ध्वज मिरवणारी, दारिद्र्य आणि कलह घेऊन येणारी. मराठीत तिचं नाव थेट घ्यायचं टाळून तिला नुसतं 'अक्काबाई' म्हणतात. घराला उतरती कळा लागली की "अक्काबाईचा फेरा आला". भीतीदायक पाहुणीला नात्यानं हाक मारायची, म्हणजे ती रागावणार नाही, असा हा सगळा मामला. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवत, केर काढत हिलाच घराबाहेर घालवायची रीत आहे.

केरसुणी कुणाची मग? लक्ष्मीची की अलक्ष्मीची? देवी शीतलाही गाढवावर बसते आणि तिच्या हातातही केरसुणीच असते. माझं मत असं की केरसुणी ही दोन्हींच्या मधली वस्तू आहे. घर आणि घराबाहेर, ठेवायचं आणि टाकायचं, यांतली रेघ ती ओढते. लोकसमजुती अशा रेघेवरच्या वस्तूंना नेहमी जपून हाताळतात. उंबरठ्यावर बसू नये म्हणतात, तसंच हे.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत हे याचंच गावभर पसरलेलं रूप. "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत पुतळे गावाबाहेर नेऊन जाळतात. घराचा केर उंबऱ्याबाहेर, गावाचा केर वेशीबाहेर.

मुलाचं नाव कचरू कशाला?

जुन्या मतदारयाद्या चाळल्या तर कचरू, केरबा, धोंडू, दगडू ही नावं हमखास सापडतात, विदर्भात उकर्डाही. आज वाचणाऱ्याला वाटतं, आईबापांना मूल नकोसं होतं. गोष्ट नेमकी उलटी आहे. ज्या घरात दोन-तीन मुलं जाऊन पुढचं जन्माला यायचं, तिथे मुद्दाम अशी नावं ठेवत. मृत्यू आणि दृष्ट चांगल्या वस्तूकडे वळतात. कचऱ्याकडे कोण बघणार? मौल्यवान दागिना जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवावा तसं मूल नावात गुंडाळायचं.

चिऊताई बाळाला लावत होती ती तीट याच जातीची. न्हाऊ-माखू घातलेल्या गोऱ्यागोमट्या गालावर मुद्दाम काळा डाग. तोच गालबोट. आता वर्तमानपत्र उघडा: "मिरवणुकीला गालबोट", "सामन्याला गालबोट". रक्षण करणारा डाग बातमीत कलंक होऊन बसला. शब्द लिहिणाऱ्याला आता बाळ दिसत नाही, फक्त डाग दिसतो.

आणि ज्याच्या नावानं आपण प्रत्येक कामाचा श्रीगणेशा करतो, तो? पार्वतीनं अंगाचा मळ काढून त्याचा मुलगा केला आणि दाराशी पहाऱ्याला बसवला, असं शिवपुराणाची कथा सांगते. हल्ली मुलांच्या पुस्तकांत तो चंदनाचा किंवा उटण्याचा होतो. मळ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. पण कथेची गंमत मळातच आहे. आईच्या अंगावरून निघालेलं, टाकून द्यायचं ते, आणि त्याचाच पहिला मान.

"पण म्हणी तर घाणीला शिव्याच देतात!"

देतात की. "कोळसा उगाळावा तितका काळाच." "चिखलात दगड टाकला की शिंतोडे आपल्याच अंगावर." अर्ज "केराच्या टोपलीत" जातो, मेहनत वाया गेली की "सगळं मुसळ केरात". पण नीट बघा, यातली एकही म्हण केराबद्दल नाही, चिखलाबद्दल नाही. सगळ्या माणसांच्या वागण्याबद्दल आहेत. चिखलाचा दोष नाही, दगड टाकणाऱ्याचा आहे.

सगळ्यात बेधडक म्हण लाजेची आहे: "हागणाऱ्याला लाज नाही, पण बघणाऱ्याला आहे." काही वर्षांपूर्वी हागणदारीमुक्तीसाठी गावोगाव पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' निघायची. उघड्यावर बसणाऱ्याला लाज आणायची, ही त्यामागची कल्पना. म्हणीनं लाज बघणाऱ्याच्या पदरात टाकली होती, पथकांनी ती बसणाऱ्याकडे ढकलली. घरात संडासच नाही अशी बाई दोघांच्या मध्ये कुठे उभी राहायची, याचं उत्तर म्हणीतही नव्हतं आणि पथकाकडेही नव्हतं.

"म्हणजे आपले पूर्वज पर्यावरणवादीच होते!"

हा मोह टाळलेला बरा. दिवेलागणीनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते, ही समजूत घ्या. लगेच कुणीतरी सांगतं: तेव्हा उजेड कमी, केरात चुकून एखादा दागिना जायचा, म्हणून नियम केला, किती शास्त्रीय! असेलही. पण हे स्पष्टीकरण आपण मागून चिकटवलेलं आहे आणि ते पटण्याजोगं आहे म्हणून खरं ठरत नाही. बहुतेक समजुतींना एकच कारण नसतं.

दुसरं म्हणजे, उकिरड्याची म्हण एका अटीवर उभी आहे: टाकलेलं कुजलं पाहिजे. म्हण रूढ झाली तेव्हा घरातून निघणारा जवळजवळ सगळाच केर कुजणारा होता. त्यात आजीचं शहाणपण कमी, मालाचा गुण जास्त. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. बारा वर्षांच्या हिशेबानं त्याची दैना आतापर्यंत आठ वेळा फिटायला हवी होती. त्याऐवजी जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, आणि तो धूर उपग्रहांनी टिपला. ढिगात प्लास्टिक आहे, काच आहे, बॅटऱ्या आहेत. ओलं आणि सुकं एकत्र पडलं की ओल्याला हवा मिळत नाही, ते सडतं, मिथेन वायू सुटतो आणि तो ज्वालाग्राही. कुजणं आणि सडणं यांतला फरक तो हाच: हवा मिळाली तर खत, कोंडलं तर वायू.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले. जुना उकिरडा हे आपोआप करत होता, कारण त्यात दुसरा आणि तिसरा भाग जवळपास नव्हताच.

"हे सगळं ठीक, पण झाडायचं कोणी?"

इथे विटाळ येतो, आणि इथे म्हणींचं शहाणपण थिटं पडतं. लक्ष्मी म्हणून पुजली जाणारी केरसुणी परंपरेनं मातंग समाजाचे लोक शिंदीच्या पानांपासून बांधत. केरसुणी देवघरापर्यंत गेली, बांधणारा गावकुसाबाहेर राहिला. वस्तूची दैना फिटायची सोय लोकपरंपरेनं केली; वस्तू हाताळणाऱ्या माणसाची केली नाही.

केर आणि विटाळ यांतला फरक बघायचा तर महाडला जायला हवं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्या तळ्यावर जनावरं एरवी खुशाल पाणी पीत. माणसांच्या ओंजळीनं मात्र ते बाटलं, आणि सवर्णांनी ते 'शुद्ध' करण्यासाठी त्यात घागरी ओतल्या. घागरींत होतं दूध, दही, गोमूत्र आणि शेण. स्वच्छ पाण्यात शेण कालवून त्याला शुद्धी म्हणायचं, हे केवळ विटाळाच्या तर्कात बसतं. केराच्या तर्कात ते बसत नाही.

हा तर्क आतून उसवणारेही याच परंपरेत झाले. चौदाव्या शतकातल्या संत सोयराबाईंनी विचारलं, "देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥" विटाळातूनच सगळे जन्मले, मग सोवळा कोण? तुकोबा म्हणाले, "नाही निर्मळ जीवन । काय करील साबण ॥" हल्ली 'जीवन'च्या जागी 'मन' असंही ऐकू येतं. पण इथे जीवन म्हणजे पाणी. पाणीच गढूळ असेल तर साबण काय करणार? साधी धोबीघाटाची गोष्ट, आणि म्हणूनच ती बोचते.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) प्रश्न विचारायच्या आधी खराटा हातात घेतला. गावात शिरले की दिवसा रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन. देवाच्या नावावर कोंबडं-बकरं का कापता, अस्पृश्यता का पाळता, असं समोर बसलेल्यांनाच विचारायचे. ज्याच्या दाराचा केर सकाळी त्यांनी काढलेला असायचा, त्याला रात्री उत्तर देणं अवघड जात असणार.

आणि आज?

नव्या म्हणी फारशा झाल्या नाहीत, पण जुनी खोड गेलेली नाही. 'भंगार' हाच शब्द बघा. सिनेमा भंगार, रस्ता भंगार, नेटवर्क भंगार. एवढ्यात खाली हाक येते, "ए भंगाऽऽर, रद्दीऽऽ!" आणि घरातला सगळ्यात शिस्तीचा माणूस जिना उतरून जातो. गाठोड्यातली पितळी तोटी वेगळी काढतो, तारेच्या टोकाचं प्लास्टिक सोलून आतलं तांबं दाखवतो, रद्दी कडक दोरीनं बांधलेली आहे ना हे पाहतो. मग काट्याकडे डोळे लावून म्हणतो, "नीट धर रे, पारडं वर आहे तुझं."